थर्मोस्टॅट बदलला, पण काढलं तेवढं कूलंट परत जात नाही. घरी हवा कशी काढावी?

निळी_हॅचबॅक

नमस्कार. रविवारी घरच्या घरी थर्मोस्टॅट बदलला, तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. नीट समजल्याशिवाय हलवणारही नाही.

गाडी 11 वर्षांची, साधी पेट्रोल हॅचबॅक. रेडिएटरला वरून झाकण आहे आणि बाजूला कूलंटची वेगळी प्लॅस्टिकची बाटली. जुना थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडाच अडकला होता. अर्धा तास चालवली तरी तापमानाचा काटा खालच्या पाव भागातून वर सरकत नव्हता, म्हणून नवा आणला. रेडिएटरचा खालचा होज काढून कूलंट टबात उतरवलं आणि लिटरच्या मापाने मोजलं. 4.3 लिटर निघालं. थर्मोस्टॅट बसवला, होज लावले, क्लिपा घट्ट केल्या आणि वरून नवीन तयार कूलंट ओतायला घेतलं. 2.9 लिटर गेलं आणि रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. थोडा वेळ थांबलो, होज दाबून पाहिले, परत ओतलं. एक थेंब आत जाईना.

मला वाटलं, इंजिन चालू झालं की पंप ओढून घेईल. झाकण लावलं, बाटली खुणेपर्यंत भरली आणि गाडी सुरू केली. पुढे काय झालं ते क्रमाने सांगतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवला होता. पहिली चार-पाच मिनिटं कोमट हवा आली, मग एकदम गार. डॅशबोर्डच्या मागे पाणी अडखळत वाहावं तशी खळखळ. काटा मध्यापर्यंत व्यवस्थित आला, मग पाऊण भागापर्यंत चढला आणि माझा हात किल्लीपर्यंत जाईतो झटक्यात मध्यावर उतरला. दुसऱ्यांदा चढू लागला तेव्हा मी इंजिन बंद केलं. फॅन एकदाही लागला नाही. वरचा होज इंजिनकडच्या टोकाला गरम, रेडिएटरकडे जेमतेम कोमट. खालचा होज थंडगार.

म्हणजे 1.4 लिटरचा हिशेब लागत नाही आणि त्या जागी हवा बसली आहे, इतपत माझ्या लक्षात आलंय. पण ती बाहेर काढायची कशी? पुस्तिकेत "भरल्यावर हवा काढावी" एवढंच वाक्य आहे. ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, मला कुठेच दिसला नाही. आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं, त्यामुळे गाडी लवकर हवी आहे. तरी घाईत इंजिन घालवायचं नाही.

चौथा_गिअर

पहिलं म्हणजे, बंद केलीत ते फार बरं केलंत. तो काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं मुळीच समजू नका. सेन्सरचं टोक द्रवात बुडालेलं असेल तरच तो खरं तापमान सांगतो. टोकाभोवती हवेचा फुगा आला की आकडा भलताच खाली दिसतो, आणि वाफेचा झोत लागला की उसळी मारतो. काटा असा उड्या मारू लागला की त्याच्यावर विसंबता येत नाही.

मी हेच दोन वर्षांपूर्वी अनुभवलं. माझा होज बदलला होता, हीटर गार पडला, काटा मात्र मध्यावर. म्हटलं काटा ठीक आहे ना, मग जाऊ. 20 किलोमीटर गेलो. नंतर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागलं, त्याची पातळी बिघडली होती, मशिनवर घासून घ्यावं लागलं. इंजिन गरम असताना हीटरची हवा गार येऊ लागली, की तिथेच गाडी बाजूला घ्यायची. ही खूण काट्याच्या आधी बोलते. तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतोय.

पुढचं जुना_पाना काका सांगतील.

जुना_पाना

28 वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली निम्मी तरी पाण्याच्या कामात गेली असतील. आम्ही कूलिंगच्या कामाला "पाण्याचं काम" म्हणायचो.

निळी_हॅचबॅक, तुम्ही निघालेलं कूलंट मोजलंत, त्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. बहुतेक जण पुस्तिकेतला एकूण आकडा बघतात आणि फसतात. खालचा होज काढला तरी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य भागाच्या, कोपऱ्यांत आणि हीटरमध्ये थोडं जुनं कूलंट राहतंच, त्यामुळे पुस्तिकेइतकं कधीच परत जात नाही. म्हणून तुलना करायची ती निघालेल्या मापाशी. 4.3 निघालं तर 4.3 गेलंच पाहिजे. तुमचं 1.4 राहिलंय. एवढी तूट होज दाबून भरून निघत नाही.

आता माझा एकच प्रश्न. नव्या थर्मोस्टॅटच्या चकतीच्या काठावर एक बारीक भोक असेल, त्यात सैल लोंबणारी छोटी पिन. बोटाने हलवली की टिकटिक करते. ती पिन बसवताना कोणत्या बाजूला होती? वर की खाली? आणि थर्मोस्टॅट वरच्या होजच्या तोंडाशी आहे की खालच्या? आठवत नसेल तर अंदाजाने सांगू नका. काम करताना फोटो काढला असेल तर तो बघा.

निळी_हॅचबॅक

काका, थर्मोस्टॅट वरच्या होजच्या तोंडाशी आहे, इंजिनच्या हेडला लागून. दोन बोल्ट, 10 च्या पान्याचे. हाउसिंग (थर्मोस्टॅटवरचं आवरण) लावायच्या आधी काढलेला फोटो आत्ताच मोठा करून पाहिला. पिन आहे, आणि ती अगदी खाली आहे. मला ती काहीतरी सैल राहिलेली फॅक्टरीची खोड वाटली होती. जुन्याला पिन कुठे होती ते पाहिलंच नाही.

जुना_पाना

झालं, सापडलं. तुमचं काम खराब नाही, एक भाग उलटा बसलाय एवढंच.

ही पिन हवेसाठीच असते. थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद. तुम्ही रेडिएटरमध्ये ओतता ते खालच्या होजमधून, पंपातून, ब्लॉकमध्ये खालून वर चढतं. वर चढताना पुढची हवा ढकलत आणतं, आणि ती हवा हेडच्या माथ्याशी, म्हणजे थर्मोस्टॅटच्या पाठीमागे जमते. पिन वर असेल तर त्या भोकातून हवा रेडिएटरकडे निसटते. इंजिन चालू झालं की पंपाच्या दाबाने पिन भोकावर बसते आणि गळती थांबते. पिन खाली असली तर कूलंट भोकापर्यंत येतं आणि वरची हवा तिथेच कोंडली जाते.

याचा पुढचा परिणाम जास्त वाईट. थर्मोस्टॅटच्या आत मेण असतं. ते गरम होऊन फुगलं की झडप उघडते, साधारण 82 ते 88 अंशांना, तुमच्या थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असेल. पण त्या मेणाला गरम करायला गरम द्रव लागतो. हवा त्या मानाने फारच कमी उष्णता पोचवते. म्हणून इंजिन तापलेलं, थर्मोस्टॅट मात्र बंदच, रेडिएटर गार, खालचा होज थंडगार. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं इथे जुळतात. हीटरचंही तसंच. हीटर कोर, म्हणजे केबिनची हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, डॅशबोर्डमागे, बऱ्याचदा इंजिनापेक्षा उंच, तिथे हवा जाऊन बसली की पंपाला ती ढकलता येत नाही. पंप द्रव फेकणारा आहे, पात्यांत हवा शिरली की तो नुसता फिरतो.

आता करायचं काय ते सांगतो. घाई नाही करायची, अर्धा दिवस हाताशी ठेवा.

इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी. गरम असताना झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आत दाब असतो तोवर 100 च्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही, साध्या पाण्याला 1 बार जादा दाबाखाली उकळायला सुमारे 120 अंश लागतात. झाकण उघडलं की दाब क्षणात जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. मी एका सहकाऱ्याचा भाजलेला हात पाहिलाय. तो प्रसंग आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

गाडी उघड्यावर घ्या, बंद जागेत इंजिन चालवत बसू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही. पुढची चाकं रॅम्पवर किंवा चढावर, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे. हेतू एवढाच, की रेडिएटरचा गळा सगळ्यात उंच यावा.

थोडं कूलंट खालून उतरवा, थर्मोस्टॅटच्या खाली पातळी जाईल इतकंच. स्वच्छ भांड्यात घ्या, मोजा, कालचंच नवीन आहे, फडक्यातून गाळून परत वापरता येईल. हाउसिंग खोला. थर्मोस्टॅट बाजूला ठेवा, लगेच बसवू नका.

ब्लीड स्क्रू नाही म्हणता ना, मग हीटरचा होजच आपला ब्लीड स्क्रू. इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीतून दोन होज आत जातात, त्यातला वरचा सोडा. क्लिप मागे घ्या आणि होज ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा. जुना रबर चिकटलेला असतो आणि आतल्या नळ्या नाजूक असतात, जोर लावला तर हीटर कोर फुटेल आणि अख्खा डॅशबोर्ड उतरवायची वेळ येईल. सुटला की आतल्या नळीला होजचा तुकडा आणि नरसाळं लावा आणि कूलंट हळूहळू ओता, बारीक धारेने. ते हीटर कोर भरून दुसऱ्या होजने इंजिनात उतरेल. थर्मोस्टॅटच्या उघड्या तोंडात पातळी दिसेपर्यंत ओतत राहा. हवा समोरून तुमच्या डोळ्यांदेखत बाहेर पडेल.

मग थर्मोस्टॅट, पिन बरोबर वर, 12 वाजता काटा असतो तिथे. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. रबर रिंग खाचेत नीट बसली का बोट फिरवून बघा. बोल्ट आळीपाळीने आवळा, बेताने, ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात. आता उरलेलं रेडिएटरमधून भरा, हीटरच्या सोडलेल्या टोकाला बुडबुड्यांशिवाय सलग कूलंट येईपर्यंत. आलं की होज त्या नळीवर चढवा.

त्यानंतर झाकण उघडं, गळ्यात नरसाळं घट्ट बसवून, हीटर पूर्ण गरम, त्याचा पंखा सगळ्यात कमी, इंजिन आयडलवर. डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि हात फॅनपासून लांब. फॅन सांगून लागत नाही, इंजिन बंद केल्यावरही लागू शकतो. बुडबुडे येत राहतील. वरचा होज कोमट असतानाच जाड हातमोजा घालून चार-सहा वेळा सावकाश दाबा आणि सोडा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन खाली जाते आणि खालचा होज गरम होऊ लागतो, तेव्हा कूलंट हातात तयार ठेवा. फॅन एकदा लागून बंद झाला की झाकण लावा. झाकण उघडं ठेवून फार वेळ चालवू नका. 50:50 कूलंट दाबाशिवाय सुमारे 107 अंशांना उकळतं, आणि हेडमधल्या काही जागा काट्यापेक्षा गरम असतात.

झाकण लावून फॅन आणखी एकदा लागू द्या, मध्ये मध्ये 2000 ते 2500 आरपीएमवर अर्धा-अर्धा मिनिट धरा. मग बंद करा आणि सकाळपर्यंत हात लावू नका.

प्रत्येक टप्प्याला किती गेलं ते लिहून ठेवा. मला आकडे हवेत.

टर्बो_वेडा

काकांच्या पद्धतीला माझा पाठिंबा, फक्त दोन गोष्टी इतर वाचकांसाठी. एक, पुढची चाकं उचलणं प्रत्येक गाडीला लागू नाही. ज्यांचा भरायचा गळा किंवा दाबाची टाकी मागे, काचेजवळ आहे, त्यांनी नाक वर केलं तर रेडिएटरचा वरचा कोपरा गळ्यापेक्षा उंच होतो आणि हवा तिथेच अडकते. आधी गळा कुठे आहे ते बघा, मग उतार ठरवा.

दोन, ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्यांनी व्हॅक्यूम फिलर वापरून पाहा. गळ्यावर रबरी शंकू बसवायचा, कॉम्प्रेसरच्या हवेने आतली हवा ओढून घ्यायची, काटा साधारण 0.8 ते 0.9 बार खाली जातो, होज चपटे होतात. दोन-तीन मिनिटं काटा हलला नाही तर गळती नाही हे कळतं, मग नळी कूलंटमध्ये बुडवून वाल्व्ह उघडला की सगळं आत ओढलं जातं. हवा आत राहतच नाही, म्हणून काढावीही लागत नाही. फक्त जुने, मऊ पडलेले होज असतील तर आधी तपासा.

ज्यांच्या गाडीत कूलंटचा पंप विजेवर चालतो त्यांनी वरचं काहीच करू नये. काही बीएमडब्ल्यूंमध्ये इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू, हीटर कमाल तापमानाला, पंखा सर्वांत कमी, आणि ॲक्सिलरेटर 10 सेकंद पूर्ण दाबून धरला की पंप आपला आपण सुमारे 12 मिनिटं चालतो आणि हवा टाकीकडे आणतो. अशा गाड्यांना त्यांच्या पुस्तिकेतलीच कृती.

जुना_पाना

बरोबर आहे, उताराचं मी सरसकट लिहायला नको होतं. गळ्याची जागा बघूनच ठरवायचं. ब्लीड स्क्रू असणाऱ्यांसाठीही एक ओळ: स्क्रू प्लॅस्टिकचा असेल तर थंड असतानाच फिरवा आणि बंद करताना दोन बोटांच्या जोराने. किती स्क्रूंची डोकी मोडलेली मी ड्रिलने काढली असतील, मोजदाद नाही.

निळी_हॅचबॅक

काका, काम झालं. आकडे देतो.

शनिवारी सकाळी 7 वाजता सुरुवात केली. खालून 1.2 लिटर उतरवलं, म्हणजे आधीचे 1.4 धरून आता 2.6 लिटरची जागा भरायची होती. हाउसिंग खोललं, पिन फोटोत होती तशीच खाली. हीटरचा होज सोडवायला सर्वांत जास्त वेळ गेला, पाऊण तास. तुम्ही फिरवायला सांगितलं नसतं तर मी नक्की ओढला असता. फिरवताना 50 मिली कूलंट खाली सांडलं, ते लगेच पुसून जागा पाण्याने धुतली. आमच्याकडे कुत्रा आहे, आणि कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं म्हणून जनावरं ते चाटतात आणि थोड्याशानेही जीव जातो असं वाचलं होतं. त्याला दिवसभर घरात बांधून ठेवला.

त्या नळीतून ओतायला घेतलं तेव्हा पहिले काही सेकंद नरसाळं भरलेलं तसंच राहिलं. मग घोटभर आत गेलं, एक मोठा बुडबुडा वर आला, आणि त्यानंतर सुरळीत. 1.5 लिटर गेल्यावर थर्मोस्टॅटच्या तोंडात हिरवं कूलंट चमकताना दिसलं. आठवडाभर जे कुठे गेलं म्हणून डोकं धरून बसलो होतो, ते समोर वर येताना पाहून फार हायसं वाटलं.

पिन वर करून थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटरमधून आणखी 0.7 लिटर गेलं, मग हीटरच्या टोकातून सलग धार आली आणि होज लावला. एकूण 2.2. इंजिन चालू केल्यावर 14 व्या मिनिटाला पातळी खाली गेली आणि खालचा होज तापायला लागला. तेव्हा 0.25 ओतलं. 19 व्या मिनिटाला फॅन लागला. हीटरची हवा सलग गरम, डॅशबोर्डमागे आवाज नाही. झाकण लावून फॅन दुसऱ्यांदा लागेपर्यंत चालवली. काटा मध्याच्या किंचित खाली उभा, हललाच नाही.

आता 2.45 झाले. सांडलेलं 0.05 मी नव्याने ओतलेल्यातून धरलेलं नाही, ते आधीच्या कूलंटमधलं होतं, म्हणजे जागा 2.65 लिटरची. अजून 0.2 लिटर बाकी. हे चिंतेचं आहे का?

जुना_पाना

चिंतेचं नाही. तेवढी बारीक हवा कोपऱ्यांत राहतेच, ती आता झाकण आणि बाटली मिळून काढतील. झाकणात दोन झडपा असतात. गरम झाल्यावर दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तुमच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा बारमधला आकडा असेल, की मोठी झडप उघडते आणि गळ्याशी जमलेली हवा व थोडं कूलंट बाटलीत जातं. थंड होताना आत ओढ निर्माण होते, छोटी झडप उघडते आणि बाटलीतून नुसतं कूलंट परत येतं. हवा गेली, द्रव आला. दोन-तीन वेळा गरम-थंड झालं की हिशेब पुरा होतो.

त्यासाठी बाटलीतली बारीक नळी द्रवात बुडालेली हवी आणि झाकणाचं रबर धड हवं. रबर चिरलेलं असेल तर थंड होताना बाटलीऐवजी बाहेरची हवा ओढली जाते आणि तुम्ही दर आठवड्याला हवा काढत बसाल. रबर नखाने दाबून बघा, कडक झालं असेल तर झाकण बदला. 11 वर्षांच्या गाडीला मी विचार न करता बदललं असतं. आकडा मात्र तोच घ्यायचा, जास्त दाबाचं झाकण लावून जुन्या होजची परीक्षा घेऊ नका.

पहिले दोन दिवस जवळच्याच फेऱ्या मारा. रोज सकाळी थंड असताना बाटलीची पातळी बघा.

पहिल्यांदाच_बॉनेट

इथेच विचारतो, कारण माझं वेगळं आहे. मी चार वेळा हवा काढली. दर वेळी नीट निघते, दोन दिवस बरं चालतं, मग परत खळखळ आणि कूलंट कमी. झाकण नवीन. खाली कुठे डाग नाही. बुडबुडे तर थांबतच नाहीत, अर्धा तास झाला तरी येतात. माझी काढायची पद्धत चुकत असेल का?

जुना_पाना

चार वेळा नीट निघाली म्हणता, तर पद्धत चुकत नाही. हवा नव्याने आत येतेय. ती येते कुठून हे शोधा आणि पाचव्यांदा काढायच्या फंदात पडू नका.

भरताना अडकलेली हवा ठरावीक असते. सुरुवातीला मोठे बुडबुडे, मग विरळ, मग बंद. तुम्ही सांगताय ते न थांबणारे बुडबुडे, ते हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली सील) फुटून सिलिंडरमधला धूर पाण्यात येतोय असं सांगतात. उद्या सकाळी थंड गाडीवर बघा. झाकण लावून सुरू करा आणि वरचा होज हाताने तपासा. पाणी अजून थंडच असताना मिनिट-दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरचा आहे. मग बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन, झाकण काढून पुन्हा सुरू करा. रेस दिल्यावर बारीक बुडबुड्यांची रांग वाढते का पाहा. सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरी, गोडसर वासाची वाफ येत असेल किंवा ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस असेल तर संशय पक्का होत जातो. नुसता फेस मात्र पुरावा नाही, छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो ओलाव्यानेही होतो.

खात्रीसाठी निळ्या द्रावणाची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या गळ्यातली वाफ त्या द्रावणातून ओढतात, जळलेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळ्याचं पिवळं होतं. ती चाचणी होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. उशीर केलात तर गॅस्केटबरोबर हेडही जाईल.

निळी_हॅचबॅक

शेवटचे आकडे. रविवारी सकाळी बाटली 150 मिलीने उतरलेली, भरली. झाकणाचं रबर एका जागी चिरलेलं निघालं, त्याच आकड्याचं नवीन लावलं. सोमवारी 50 मिली भरलं. मंगळवार, बुधवार, आज गुरुवार, पातळी खुणेवर तशीच. 2.65 पूर्ण झाले.

काल आईला घेऊन गेलो, जाऊन-येऊन 36 किलोमीटर. काटा कुठेच हलला नाही. काढलेलं जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरांत "विष" लिहून कपाटावर ठेवलंय. गटारात ओतणार नाही, घातक कचरा घेणाऱ्यांकडे देईन. आणि हाउसिंगच्या आतल्या बाजूचा, पिन वर असलेला फोटो गाडीच्या पुस्तिकेत चिकटवून ठेवलाय.

चौथा_गिअर

तो फोटो इथेही टाका ना. पुढच्याला शोधावं लागणार नाही.